मंत्री बोलले, मी पदरचं घातलं

आमच्या रेशन दुकानाला छप्पर आहे, दार आहे, वजनकाटा आहे, उंदीर आहेत. फक्त रेंज नाही. म्हणून महिन्यातले सात-आठ दिवस आमचं निम्मं दुकान उठतं आणि सड्यावर जाऊन बसतं.

सडा म्हणजे आमच्या वाडीच्या डोक्यावरचं काळ्या कातळाचं पठार. तिथे एका काजूच्या झाडाखाली एक चपटा दगड आहे. अंगठा घेण्याचं यंत्र बरोबर त्या दगडावर ठेवलं तर जागं होतं, वीतभर उजवीकडे सरकवलं तर पुन्हा झोपी जातं. माणसं कार्ड घेऊन सडा चढतात, यंत्राला अंगठा देतात, पावती घेतात आणि खाली उतरून दुकानात माझ्या बायकोकडून, सुलभाकडून, धान्य मोजून घेतात. मी वरचा, ती खालची. लोक म्हणतात, सदाचो संसार दोन मजली.

सड्यावरून देवगडच्या बाजूचा समुद्र दिसतो. रांगेत उभं राहून कंटाळा आला असं म्हणणारा माणूस मी तिथे पाहिलेला नाही. सकाळच्या धुरकट उजेडात होड्या पाण्यावर आहेत की आभाळात, ते कळत नाही. बायका बोलता बोलता गप्प होतात. कुणाचा नंबर येतो, आणि तो माणूस येतच नाही, कारण तो समुद्राकडे बघत असतो. एकदा एक पुरवठा निरीक्षक तपासणीला आले. सडा चढून दमले, काजूच्या सावलीत बसले, आणि दुपारपर्यंत बसूनच राहिले. उठताना म्हणाले, "मी कशाला आलो होतो हो?" मी म्हटलं, "समुद्र तपासायला." त्यांनी शेरा लिहिला, सर्व ठीक.

दिल्ली खरं तर आमच्या पाठीमागे, डोंगरांच्या पलीकडे. पण रेंज समुद्राच्या अंगाने येते, त्यामुळे आम्हाला सगळं समुद्रातूनच आल्यासारखं वाटतं. सरकारसुद्धा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रेशनवाला म्हणजे तांदूळ मापणारा. तांदूळ मापणं सोपं आहे, काटा मापतो. कठीण काम अंगठ्याचं. आमच्याकडे बऱ्याच बायका काजू सोलायला जातात. काजूच्या सालीचा चीक बोटांच्या रेषा खाऊन टाकतो आणि अंगठा आरशासारखा गुळगुळीत होतो. यंत्राला वाटतं, आपल्याला कुणी अंगठाच दाखवत नाहीये. मग मी त्या बायकांना डोक्याच्या केसांवरून अंगठा फिरवायला सांगतो. केसांतलं खोबरेल लागलं की पुसट रेषा कधी कधी उमटते. हा उपाय कुठल्या पुस्तकात नाही. एकीचा अंगठा तीन महिने हुकला, चौथ्या महिन्यात लागला, तेव्हा ती यंत्राला म्हणाली, "वळाखलंस एकदाचा माका, मेल्या!"

आता माझ्या दुसऱ्या धंद्याविषयी सांगावं लागेल, कारण सगळा घोटाळा त्यातून झाला. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की मी दशावतारात काम करतो. बहुधा राक्षसाचं. दशावतारात लिहिलेली संवादवही नसते. रंग लावताना नाटकाचा मालक कथा सांगतो: तू येणार, ऋषीला त्रास देणार, मरणार. मधलं सगळं ज्याचं त्याने बोलायचं. रंगमंचावर एक लाकडी बाकडं असतं, तेच सिंहासन, तोच डोंगर. राक्षस बाकड्यावर चढला की पदरचं बोलू लागतो, आणि ज्याला पदरचं सुचत नाही तो नट नव्हे. वीसेक वर्षं मी पदरचं घालतो आहे. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. घरी सुलभा म्हणते, "तुमी भाजी हाडूक गेलात तरी बाजारात पदरचा घालून येतास."

ते मार्गशीर्षातले दिवस होते. सड्यावर पंधरा-वीस माणसं होती. यंत्र झोपलं होतं, म्हणून फोन जागे होते. एकाच्या फोनवर दिल्ली लागली. संसदेचं अधिवेशन चालू होतं. आत काय बोलतात ते आमच्यापर्यंत सहसा येत नाही. येतं ते बाहेरचं. मागे मोठमोठे खांब, पायऱ्यांवर मंत्री, आणि त्यांच्या तोंडासमोर माइकांचा घड, सुपारीच्या घडासारखा लटकलेला. थंडी असावी, त्यांनी शाल घेतली होती. ते हळू बोलत होते. म्हणाले की ज्या भागातली माणसं जो तांदूळ खातात तोच त्यांना रेशनवर मिळावा, असा विचार चालू आहे. समुद्रकाठच्या जिल्ह्यांना उकडा तांदूळ देता येईल का, तेही बघणार आहोत.

सड्यावरचे सगळे त्या फोनभोवती जमले. फोन हातोहात फिरला. उकडा!

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. आम्ही भात, म्हणजे सालीसकट धान, आधी पाण्यात उकडतो, वाळवतो आणि मग गिरणीत भरडतो. त्याचे ते उकडे तांदूळ, जाड, तांबूस. त्यांची पेज सकाळी दहा वाजता प्यायली की माणूस दुपारपर्यंत कुणाशी भांडत नाही. न उकडता भरडले ते सुरय. रेशनवर येतात ते पांढरे सुरय. आम्ही त्यांचे घावणे घालतो, कोंबड्यांना टाकतो, पाहुण्यांना वाढतो. पण पेज? सुरयची पेज म्हणजे गरम पाण्याने केलेली थट्टा.

सगळ्यांत आधी जागे झाले वामनगुरुजी. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते घरी मालवणीत रागावतात आणि सड्यावर शुद्ध मराठीत.

"अधिवेशन चालू असताना असं बाहेर सांगायचं नसतं," ते म्हणाले. "सभागृहात सांगायचं असतं."

"आत पंखे मोठे असतले, गुरुजी," सत्यभामाकाकी म्हणाली. "बोललेला उडान जाता असतला."

"तसा नाय गो," मागून कुणीतरी म्हणालं. "आत सांगला तर समोरचे इचारतले, कधी देतास? भायर कोण इचारता?"

आणि मग सगळ्यांनी मला विचारलं. "रे सदा, तू रेशनवालो. कधी येतले उकडे?"

मला खरं उत्तर येत होतं. या धंद्यात शब्द पुढे येतो आणि दाणा मागून चालत येतो. मंत्र्यांच्या तोंडून शब्द निघाला की तो त्याच क्षणी आमच्या दगडावर पोचतो. दाण्याला मात्र आधी निर्णय लागतो, मग परिपत्रक, मग जिल्ह्याचा कोटा, मग गोदाम, ट्रक, हमाल, आणि शेवटी पावती. कित्येक शब्द असे येतात ज्यांच्या मागून दाणा येतच नाही. हे मी त्यांना सांगायला हवं होतं.

पण मी त्या दगडाशेजारी उभा होतो. वारा समोरून येत होता, खाली अख्खा समुद्र अंथरला होता, आणि वीस तोंडं माझ्याकडे वर बघत होती. आयुष्यात मला बाकड्यावर चढल्याशिवाय इतका चांगला प्रयोग मिळाला नव्हता. मी हात पसरले, आवाज पोटातून काढला आणि म्हणालो, "शिमग्याआधी! शिमग्याआधी उकड्यांच्या गोणी ह्या वाडीत उतारतल्यो!"

टाळ्या पडल्या.

"परिपत्रक क्रमांक काय?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, वाऱ्याक नंबर नसता."

पुन्हा टाळ्या. गुरुजी सुद्धा हसले. फक्त सत्यभामाकाकी हसली नाही. रांग पांगल्यावर ती यंत्राजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "नक्की मां रे सदा?"

"काकी, मंत्री बोलले, मी बोललंय. आता आणि कोण बोलूचो रवलो?"

ती मान हलवून उतरली. तिच्या मानेचं ते हलणं मला तेव्हा टाळीसारखंच वाटलं.

काकीचं घर सड्याच्या उताराला. ती आणि काका, दोघंच. भिकाजीकाका गवंडी. या भागातल्या निम्म्या विहिरी त्यांनी चिरे तासून बांधलेल्या. दोन वर्षांमागे लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि बरेचसे शब्द गेले. दिवसाला एखादा शब्द येई, तो मात्र स्वच्छ. खाणंही तसंच. सकाळी आणि संध्याकाळी उकड्या तांदळाची पेज, बाकी तोंडाला काही लावू देत नसत. त्यासाठी काकी दर वर्षी अंगणात तीन दगडांवर तांब्याचं मोठं भाण चढवून भात उकडायची. संध्याकाळी उकडायचं, त्याच पाण्यात रात्रभर ठेवायचं, पहाटे पुन्हा चढवायचं, मग उपसून चटयांवर वाळत घालायचं. ओल्या भाताचं भाण उतरवणं दोन माणसांचं काम. ती एकटी करायची.

पौष संपता संपता मी तिला गिरणीच्या वाटेवर भेटलो. रिक्षात तीन पोती होती.

"काकी, भात उकडून झाला?"

"नाय रे. औंदा उकडूक नाय. सगळा सुरय करून घेतलंय." ती कंबरेवर हात ठेवून हसली. "तू सांगलंस मां, शिमग्याआधी येतले म्हणान. म्हटला, एक वर्स कंबर निजांदे."

रिक्षा गेली. मी तिथेच उभा राहिलो. आंब्यांना मोहोर आला होता, सगळ्या वाटेवर त्याचा गोड वास होता, आणि मी बोटांवर शिमग्यापर्यंतचे दिवस मोजत होतो.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी फोनमध्ये संसद शोधू लागलो. अधिवेशन कधीच संपलं होतं. पायऱ्या रिकाम्या. मला त्या पायऱ्या डोळे मिटले तरी दिसायच्या. वाटायचं, ते शालवाले मंत्री अजून तिथे एकटेच उभे आहेत, माइकवाले निघून गेलेत, आणि ते समुद्राच्या दिशेने बघून मला विचारतायत, अहो, ते शिमग्याचं तुम्ही कुठून काढलंत? तालुक्याला जाऊन चौकशी केली. तिथले साहेब चांगले होते. म्हणाले, "आम्हीही फोनवरच पाहिलं."

काकीचे जुने उकडे संपल्याचं मला शिमग्याला आठ दिवस राहिले तेव्हा कळलं. मी तिच्या घरी गेलो. ती ओटीवर काकांसमोर वाटी घेऊन बसली होती. सुरयची पेज. काकांनी एक चमचा तोंडात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. पेज ओठांवरून हनुवटीवर आली. काकीने ती पदराने पुसली.

"चार दिस झाले," ती म्हणाली. "खायनत. कालपासून पाणी तेवढा घेतत." मग मला म्हणाली, "येतले मां रे? आठ दिस आसत अजून."

तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

माझ्या घरचे उकडे आम्ही दोघांनी माघातच संपवले होते. बाजारात विकत मिळतात, पण ते काकीला परवडत नाहीत, आणि मी विकत आणून दिलेले ती दान म्हणून घेणार नाही, हे मला माहीत होतं. तिने कधी शेजारून विरजणसुद्धा परत केल्याशिवाय ठेवलेलं नाही. मग मला युक्ती सुचली, आणि ती अर्थातच नाटकी होती. सुलभाचा भाऊ दोडामार्गला शेती करतो. मी त्याच्याकडे गेलो आणि घरच्या उकड्यांचं एक पोतं घेऊन आलो. दुकानाच्या मागे बसून ते सरकारी शिक्क्याच्या रिकाम्या गोणीत ओतलं. दाभण आणि सुतळी घेऊन तोंड शिवलं.

सुलभा दारात उभी राहून बघत होती. "माज्या भावाक सरकार केलास?"

"एका दिवसापुरतो."

"काकी वळाखतली."

"काकीक दिसता कमी."

"शिवण बोटांनी बगतत," सुलभा म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी काकीला दुकानात बोलावलं. गोणी काट्याजवळ उभी केली होती. मी नाटकातल्या दूतासारखा वाकलो. "काकी, सरकारचे उकडे इले!"

काकीचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर खरंच वाटलं, आले. तिने मूठभर दाणे हातात घेतले, नाकाशी नेले, एक दातांखाली चावला. डोळे मिटले. मग तिचा हात गोणीच्या तोंडावरून सावकाश फिरला. एकदा. पुन्हा एकदा.

"गोदामाची शिवण मिशनीची असता," ती म्हणाली. "ही दाभणाची. कोणी शिवली?"

काट्यामागे सुलभाने पदर तोंडाला लावला.

"ती... वाटेत उसावली होती, काकी."

"असात," काकी म्हणाली. "मगे अंगठो घे."

"अंगठो कित्याक? मी मगे घेतंय..."

"अंगठ्याबिगर रेशन मिळाक लागला कधीपासून? चल वर."

उन्हात ती सडा चढली. सत्तरी पार केलेली बाई, एक हात कंबरेवर, पुढे. मी यंत्र घेऊन मागे, फासावर जाणाऱ्या राक्षसासारखा. वर रांग होतीच. गुरुजीही होते. काकीने डोक्यावरून अंगठा फिरवला आणि यंत्रावर टेकवला. यंत्र दगडावर होतं, जागं होतं, आणि त्याला पदरचं बोलता येत नाही. त्याने तिचं नाव दाखवलं आणि मोठ्याने सांगितलं की या महिन्याचं धान्य उचललेलं आहे.

सगळे बघत होते. समुद्र इतका शांत होता की खालच्या एका होडीतलं खोकणं ऐकू आलं.

मी म्हणालो, "उकडे येवक नाय. मंत्री येवढाच बोलले की विचार चालू आसा. शिमग्याआधी ह्या माझा. पदरचा. ही गोणी माझ्या मेव्हण्याची."

एवढं लहान भाषण मी आयुष्यात केलेलं नाही. टाळी पडली नाही. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. त्यांना बोलायला आयती संधी होती, पण ते गप्प राहिले, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

काकी दगडाजवळ बसली. मग म्हणाली, "गुरुजी खरा बोलतत, ह्या माका त्याच दिवशी कळला होता रे. पण माझी कंबर म्हणाली, सदाचाच खरा."

मला तिच्या पायांशी बसावंसं वाटलं. बसलो.

"ऊठ," ती म्हणाली. "नाटाक नको. तुझे उकडे मी फुकट घेवचंय नाय. माझे सुरय आसत. किलोक किलो. काट्यार."

त्याच दुपारी सुलभाने काट्यावर आधी गोणीतले उकडे आणि मग काकीचे सुरय मोजले, आणि काकी काट्याकडे अशी बघत होती, जणू मी अजूनही काही पदरचं घालीन. शेवटी मी गोणी खांद्यावर घेऊन तिच्या घरी गेलो. तिने चूल पेटवली. पेज शिजायला वेळ लागतो. मी ओटीवर काकांसमोर बसून राहिलो. त्यांचे डोळे मिटलेले होते, श्वास उथळ.

आधी वास आला. काकांच्या नाकपुड्या हलल्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि भिंतीकडची मान हळूहळू इकडे वळवली. काकीने पहिला चमचा भरवला. त्यांनी तो तोंडात धरून ठेवला, जिभेवर फिरवला, गिळला. दुसरा गिळला. तिसऱ्याच्या आधी त्यांनी डावा हात वर केला आणि त्या दिवसाचा शब्द उच्चारला.

"तोर?"

तोर म्हणजे खारात घातलेली कैरी. काकी एकदम रागावली. "येवढे दिस उपाशी, आणि आता तोर होयो!" असं म्हणत ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बरणी काही इतकी लांब नव्हती.

त्या पावसाळ्यात मी आणि सुलभा काकीच्या सुरयची पेज प्यायलो. सुलभा रोज वाढताना विचारायची, "सरकार, आणि घालू?"

पण काकीचा हिशेब तिथे मिटला नव्हता. भात कापणी झाली आणि तिने निरोप धाडला: भाण उतरवायला ये, चढवायलाही तूच ये. तेव्हापासून तिचं भात मी उकडतो. परवाच, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, दुसऱ्यांदा भाण चढवलं होतं. अजून धुकं होतं. वाफ अंगणातून उठून सड्याच्या दिशेने जात होती, आणि घर, माड, काकी, सगळं त्या वाफेत तरंगल्यासारखं दिसत होतं. काकी पाटावर बसून हुकूम सोडत होती.

"जाळ कमी कर. भात उकडूचा आसा, लंका नाय जाळूची."

ओटीवर काकांना उशीला टेकवून बसवलं होतं. एवढ्यात सड्यावरून गुरुजी फोन हातात घेऊन उतरले. संसद पुन्हा भरली होती. त्यांनी सड्यावर फोनमध्ये उतरवून घेतलेलं मला दाखवलं. तेच खांब, त्याच पायऱ्या, माइकांचा तोच घड. मंत्री दुसरे होते. म्हणत होते की रेशन म्हाताऱ्या माणसांच्या घरी पोचवण्याचा विचार चालू आहे.

"घरी?" काकीने कंबर सरळ केली. "कधी रे सदा?"

गुरुजी माझ्याकडे बघू लागले. सुलभा चटया घेऊन आली होती, तीही थांबली. वाफ वर चढत होती, समोर तीन प्रेक्षक होते, आणि माझ्या घशाशी तो जुना राक्षस बाकड्यावर चढायला लागला होता. मी त्याला गिळला.

"ता काय सांगूक नाय त्यांनी," मी म्हणालो.

"मगे तू काय सांगतस?"

"मी जाळ सारतंय, काकी."

भाणातली भाताची साल तडकू लागली होती. आणि मग ओटीवरून, तोंडाच्या चांगल्या अर्ध्या बाजूने, अगदी स्वच्छ आवाज आला.

"शिमग्याआधी," भिकाजीकाका म्हणाले, आणि खांदे हलवीत हसू लागले.